खांबेट्यांनी आ वासला

चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी वसाहतीत कशाकशाला मनाई आहे, याची पाटी फाटकाशीच लावलेली आहे. गच्चीत वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालू नयेत, जिन्यात नारळ फोडू नयेत, पाण्याच्या टाकीवर चढून मोबाइलची रेंज शोधू नये. वाचता वाचता माणूस नोकरीतून निवृत्त होईल एवढी ती पाटी लांब आहे. पण बाल्कनीत तोंड उघडं टाकून बसू नये, असं तीत कुठेही म्हटलेलं नाही. असा कोणी बसेल, हे सरकारला सुचलंच नव्हतं. सरकारच्या कल्पनाशक्तीतली ही उणीव विद्याधर खांबेटे यांनी उजेडात आणली.

खांबेटे मूळचे पुण्याचे, हे त्यांना विचारावं लागत नसे. ते स्वतःच सांगत. आवडीच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते ज्युनियर वर्क्स मॅनेजर होते आणि चेन्नईत येऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत रामाचा वनवास संपला, खांबेट्यांचा संपेना. एवढ्या काळात ते तमिळ शिकले नव्हते असं नाही. आकडे येत होते, भाज्यांची नावं येत होती आणि 'परवाइल्लै' हा एक शब्द तर ते इतक्या सफाईने म्हणत की ऐकणारा फसावा. परवाइल्लै म्हणजे 'असू दे, हरकत नाही'. दुकानदाराने कुजका नारळ दिला, परवाइल्लै. रिक्षावाल्याने भलत्याच पुलाखाली सोडलं, परवाइल्लै. हापिसात कोणी त्यांच्या कामाचं श्रेय बिनदिक्कत लाटलं, तरी परवाइल्लै. भांडण्याइतकं तमिळ येत नव्हतं आणि मराठीत भांडून समोरच्याला कळत नव्हतं. पुण्याच्या माणसाला आयुष्यभर 'असू दे' म्हणत जगावं लागणं, याहून मोठी शिक्षा कायद्याच्या पुस्तकात नसेल.

आणि मग एकदाची बदली निघाली. पुण्याच्या कारखान्यात भट्टी विभागात जागा रिकामी झाली आणि तिथे खांबेट्यांचं नाव लागलं. अट एकच. भट्टीपाशी काम म्हणून वैद्यकीय मंडळाचा 'तंदुरुस्त' असा शिक्का हवा. ही जागा हुकली तर मग निवृत्तीनंतर स्वतःच्या खर्चाने पुण्याला जायचं.

वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर श्रीदेवींनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि भुवया वर नेल्या.

"एकशे छप्पन्न, अठ्ठ्याण्णव. गोळी सुरू करू या."

"गोळी नको," खांबेटे म्हणाले. "गोळी सुरू झाली की कागदावर लागते. कागदावर लागली की मंडळ नापास करतं."

"मग मीठ बंद करा. लोणचं, पापड, मुरुक्कू सगळं बंद. चाला. महिनाभराने मंडळाची तारीख आहे, तोवर दर आठवड्याला येऊन दाखवा. नाही उतरलं तर मी गोळी देणार, पुणं असो की पॅरिस."

लोणचं बंद करा, हा सल्ला खांबेट्यांनी ज्या कानाने ऐकला त्याच कानाने सोडून दिला. दुसऱ्या कानाला त्रास दिला नाही. त्यांना हवा होता शास्त्रीय उपाय, आणि तो वरच्या मजल्यावर राहत होता.

त्याचं नाव नारायणस्वामी. हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांनी मानवजातीच्या आरोग्याचं लेखापरीक्षण हाती घेतलं होतं. सकाळी फिरायला जाताना ते कोणाचं ना कोणाचं यकृत किंवा गुडघा ताब्यात घेत. खांबेट्यांना जिन्यात पाहून ते थबकले.

"कंबेटे सार, एवढंच ना? तोंड उघडा."

"इथे?"

"इथे नाही. घरी. परदेशात शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केलाय. उंदराचा जबडा दहा मिनिटं ताणून धरला. काय झालं? रक्तदाब खाली! आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या," इथे नारायणस्वामींनी दोन्ही हात पसरून जिना अडवला, "अशा रुंद झाल्या. माझ्या फोनवर आलंय."

"पण ते उंदीर..."

"उंदराचं ब्लडप्रेशर वेगळं आणि माणसाचं वेगळं असतं का? सरकारी नोकरीत तर मुळीच नाही."

या युक्तिवादात खोट काढता येईना. तमिळमध्ये तर नाहीच नाही. खांबेटे म्हणाले, "परवाइल्लै," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून, डोकं मागे टेकवून, डोळे मिटून, आ वासून बसले.

आता खांबेट्यांच्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण त्या कॉफी घेऊन निघालेल्याच आहेत.

हेमावतीबाई तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून तंजावरला आले, ते घोडे परत फिरवायचं विसरले. बाईंचं मराठी त्याच घोड्यावरून आलेलं होतं आणि वाटेत त्यात भरपूर तमिळ मिसळलं होतं. जावयाचं पुणेरी मराठी त्यांना अगदीच कालपरवाचं वाटे. 'आम्ही येथे आलो ते राज्य करण्यास, तुम्ही आलां ते नोकरीस,' हे वाक्य त्यांनी जावई चेन्नईला रुजू झाला त्याच दिवशी त्याला ऐकवलं होतं आणि अजूनही सणावारी ऐकवत.

या घरात सासू आणि जावई यांच्यात वैर असं नव्हतं. मतभेद एकच होता, पण तो ओठांचा होता. हेमावतीबाईंच्या घराण्यात पाणी, ताक, कॉफी जे काही प्यायचं ते भांडं वर धरून, धार सोडून प्यायचं. ओठ लावला की भांडं उष्टं. खांबेटे मात्र टंबलरला ओठ लावून, फुर्र करून प्यायचे. म्हणून घरात त्यांचा टंबलर वेगळा, वेगळ्या फळीवर, पालथा. पाहुण्यांना ती फळी दाखवताना सासूबाई आवाज उतरवत. "माप्पिळ्ळै पुण्याचे," म्हणत. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. या दोन शब्दांत त्या सगळं सांगून टाकत. तुम्ही पुण्याला गेल्यावर मी येणार नाही, धाकट्या भावाकडे तिरुवल्लिकेणीला राहीन, असंही त्यांनी जाहीर केलं होतं. कारण विचारलं तर म्हणत, "ज्या गावी ओठ लावून पाणी पितात, तेथे मी काय म्हणून येऊ?"

तर अशा हेमावतीबाई कॉफी घेऊन बाल्कनीत आल्या आणि पाहतात तो जावई मान मागे टाकून, तोंड वर करून, धारेची वाट पाहत बसलेला. चौदा वर्षांची शिकवण फळाला आली. बाईंचे डोळे भरून आले.

"सुबुद्धी झाली हो!" असं म्हणून त्यांनी वाफाळत्या, दाट दुधाच्या डिग्री कॉफीची धार, त्यांच्या घराण्याच्या लौकिकाला साजेशा उंचीवरून, एक थेंब इकडेतिकडे न होऊ देता, जावयाच्या घशात सोडली.

खांबेट्यांनी जी किंकाळी फोडली ती कोणत्याही भाषेतली नव्हती, त्यामुळे ती वसाहतीत सगळ्यांना समजली. खाली वडाम राखत बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. त्या दिवशी दवाखान्यात रक्तदाब एकशे बासष्टवर गेला.

"मी लोणचं बंद करा म्हणाले होते," डॉक्टर श्रीदेवी त्यांची भाजलेली जीभ बघत म्हणाल्या. "तुम्ही काय बंद केलंत?"

घरी येऊन खांबेट्यांनी विचार केला. ते इंजिनियर होते. चूक तंत्रात नव्हती, तंत्र अमलात आणण्यात होती. तोंड नुसतं उघडं असलं की लोकांना ते रिकामं वाटतं आणि रिकामी जागा भरायची माणसाला खोड असते. तेव्हा तोंडात यंत्र हवं. लगेच त्यांनी कागद काढला, वरून, समोरून आणि बाजूने असे तीन नकाशे काढले आणि रविवारभर खपून सागाच्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दोन स्प्रिंगा असं एक उपकरण तयार केलं. पट्ट्या वरच्या आणि खालच्या दातांवर बसत आणि स्प्रिंगा जबडा ताणून धरत. स्प्रिंगा जुन्या सोफ्यातून काढल्या होत्या. हे सोफ्यावरचे चारी पाहुणे एका बाजूला घसरू लागले तेव्हा कळलं.

"अहो," सौम्या म्हणाली. सौम्या म्हणजे त्यांची पत्नी, वसाहतीच्या शाळेत शिकवायची आणि फारसं बोलायची नाही, पण बोलली की दिवसभर पुरायचं. "तुम्ही रणगाड्याच्या कारखान्यात आहात ना? मग हे रणगाड्याला बसवून आधी बघितलंत का?"

खांबेट्यांनी उत्तर दिलं नाही. यंत्र तोंडात होतं.

बातमी वसाहतभर गेली आणि सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्याच्या बाईंनी केळीच्या गाभ्याचा रस आणला. समोरच्यांनी शेवग्याचा पाला आणला. मेथीचं पाणी घेऊन आलेल्या गृहस्थांनी आपल्या मेव्हण्याच्या पक्षाघाताची हकिकत सुरुवातीपासून सांगितली आणि शेवट गोड नव्हता. पूर्वी असे लोक खांबेटे दारातूनच कटवत. आता तोंडात यंत्र असल्यामुळे सगळं ऐकून घ्यावं लागे. नारायणस्वामी आपलं रक्तदाबाचं मशीन घेऊन सकाळ-संध्याकाळ हजर होत आणि आकडा लिलावातल्यासारखा ओरडत. "एकशे पन्नास! एकशे पन्नास... एकशे बावन्न!" आपला दाब जिन्यातून बोलीला चढलेला ऐकून खांबेट्यांचा दाब आणखी चढे.

शिवाय स्प्रिंगा सोफ्याच्या. त्या माणसाला बसवण्यासाठी बनवलेल्या होत्या, माणसात बसवण्यासाठी नव्हेत. फार कडक होत्या. त्या थोड्या घासून घ्याव्यात म्हणून खांबेट्यांनी यंत्र डब्याच्या पिशवीत टाकलं आणि कारखान्यात नेलं. नेताना कोणी पाहिलं नाही. संरक्षण खात्यात आत काय येतं यापेक्षा बाहेर काय जातं याची काळजी अधिक. संध्याकाळी फाटकावर पिशवी उघडली गेली आणि यंत्र टेबलावर ठेवलं गेलं. पहारेकरी दोन पावलं मागे सरकला.

सुरक्षा अधिकारी आले. टेबलाला एक फेरी मारली.

"हे काय आहे?"

"जबडा ताणायचं यंत्र."

"कोणाचा जबडा?"

"माझा."

"कोण ताणतं?"

"मीच."

अधिकाऱ्यांनी बऱ्याच गुन्हेगारांना उत्तरं देताना पाहिलं होतं, पण इतक्या मूर्ख उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. "दाखवा," ते म्हणाले. खांबेट्यांनी यंत्र तोंडात बसवलं. अधिकाऱ्यांनी वही पुढे ओढली आणि चौकशी सुरू केली. यातल्या स्प्रिंगा सरकारी आहेत का? "आँ." नकाशा कोणाच्या परवानगीने काढला? "आँ आँ." या वस्तूचा लष्करी उपयोग काय? यावर खांबेट्यांनी हातवारे करून उंदरांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्याने तोंडी उत्तर देण्यास नकार दिला व अश्लील हावभाव केले.'

यंत्र जप्त झालं. ते स्फोटक नाही असा दाखला एका विभागाकडून, ते सरकारी मालातून बनवलेलं नाही असा दुसऱ्याकडून, आणि ते परत द्यायला हरकत नाही असा तिसऱ्याकडून आणायचा होता. तिसरा विभाग म्हणे, वस्तू कोणत्या प्रकारात मोडते ते आधी ठरवा. हत्यार म्हणावं तर धार नाही. औषध म्हणावं तर डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि डॉक्टर श्रीदेवींनी चिठ्ठीऐवजी हसू दिलं. डबा म्हणावं तर त्यात काही मावत नाही. एका हुशार कारकुनाने शेवटी ते 'क्रीडासाहित्य' या सदरात बसवलं, आणि पुण्याच्या खांबेट्यांना, ज्यांनी शाळेतसुद्धा कधी खो दिला नव्हता, खेळाडू म्हणून सही करावी लागली. यंत्र देताना सुरक्षा अधिकारी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सार, माझंसुद्धा एकशे साठ आहे. अजून एक बनवता येईल का?"

यात दोन आठवडे गेले. मंडळाची तारीख तोंडावर आली. खांबेट्यांनी बुडालेला अभ्यास भरून काढायचं ठरवलं. दहा मिनिटांचा व्यायाम त्यांनी अर्ध्या तासावर नेला, एकदाचा तीनदा केला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वर्षाचा अभ्यास करायची सवय आपल्या मध्यमवर्गाच्या हाडात असते, ती इथे जबड्याच्या हाडात उतरली. जबडा ठणकू लागला. पापड चावेना, चकलीसारख्या कडक मुरुक्कूकडे बघवेना, लोणच्याचा नुसता वास आला तरी दाढेतून कळ जाई. महिन्याच्या शेवटी ते पेज आणि अळणी दहीभात एवढ्यावर आले. कानापाशी कडकड आवाज येई. "रक्तवाहिन्या उघडताहेत," नारायणस्वामी कान लावून म्हणत.

मंडळ एग्मोरच्या एका मोठ्या रुग्णालयात बसणार होतं. निघायच्या सकाळी सौम्याने शाळेतून रजा घेतली. नारायणस्वामी शास्त्रीय सल्लागार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले. हेमावतीबाईंनी जावयाच्या हातावर दहीसाखर ठेवली. म्हातारी रात्री झोपलेली दिसत नव्हती. लेक जाणार, कॉलेजातली नात जाणार, आपण भावाच्या घरी कोपऱ्यातल्या पलंगावर जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरीसुद्धा तिने देवापुढे दिवा लावून जावयाच्या यशाचंच मागितलं होतं.

"बरे होईल. सुखरूप जाऊन या," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. खांबेट्यांचा वेगळा टंबलर नव्हे, घरातला तांब्या.

खांबेटे चांगल्या मनाचे होते. त्यांना गलबलून आलं. चौदा वर्षं या बाईने आपली कॉफी केली आणि आपण तिचा एवढासा शब्द ठेवला नाही. आज ठेवू या. त्यांनी तांब्या वर उचलला, मान मागे टाकली, आणि धार नीट पडावी म्हणून महिनाभर ताणून तयार केलेला जबडा होता नव्हता तेवढा उघडला.

कट्.

पाणी गेलं. घोट गिळला. तांब्या खाली आला. जबडा तिथेच राहिला.

"पाहा, किती सुरेख प्यायले," हेमावतीबाई म्हणाल्या. "आता मिटा."

खांबेट्यांनी मिटायचा प्रयत्न केला. हनुवटीखाली हात घालून ढकललं. नारायणस्वामींनी वरून डोकं दाबलं. काही उपयोग झाला नाही. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"आँ आँ आँ," खांबेटे म्हणाले.

"मंडळाची वेळ चुकेल म्हणताहेत," सौम्याने भाषांतर केलं. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही. "चला, मंडळ रुग्णालयातच आहे. दोन्ही कामं होतील."

आवडीहून सेंट्रलची गाडी मिळाली. डब्यात खांबेटे शिरले आणि लोकांनी ताबडतोब त्यांना जागा दिली, स्वतः समोरून उठून दूर जाऊन. मग हळूहळू सगळे जवळ आले. कोणी म्हणालं, जांभई अडकली आहे, दुसऱ्याने जांभई दिली तर सुटेल. मग बाकाबाकावर लोक समाजसेवा म्हणून जांभया देऊ लागले. एका बाईने लिंबू दिलं. एकाने धरून गालात मारली, आणि उलट मारायचे हात असूनही शब्द नसल्यामुळे खांबेट्यांनी तीही सोसली. नारायणस्वामी सगळ्यांना उंदरांचा प्रयोग समजावून सांगत होते आणि उदाहरणादाखल खांबेट्यांकडे बोट करत होते.

रुग्णालयाच्या दारात एका तरुण डॉक्टरने त्यांना पाहिलं आणि तो धावतच आला. "नाव सांगा!"

"आँआँएँएँ."

"वाचा गेली आहे," डॉक्टर नर्सला म्हणाला. "हसा बघू!" खांबेट्यांना हसता येईना आणि तशी वेळही नव्हती. "चेहऱ्याचे स्नायू गेले. स्ट्रोक! मेंदूचा स्कॅन, लगेच!"

सौम्या 'जबडा, जबडा' म्हणत होती. पण तिच्याहून मोठ्या आवाजात नारायणस्वामी 'मेंदूच्या रक्तवाहिन्या, रक्तवाहिन्या' म्हणत होते. त्यामुळे खांबेटे आडवे झाले, त्यांच्या दंडाला पट्टा लागला आणि चाकांवरून त्यांची वरात यंत्राकडे निघाली. छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते. मंडळ गेलं, पुणं गेलं, असं त्यांना मनापासून वाटलं. आता काही बोलायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सगळं सोडून दिलं आणि पडून राहिले.

स्कॅन झाला. तरुण डॉक्टर फिल्म दिव्यापुढे धरून गोंधळला. "मेंदूच्या रक्तवाहिन्या उत्तम आहेत. अगदी रुंद, मोकळ्या."

"माझं तंत्र!" नारायणस्वामी ओरडले.

"मेंदूसुद्धा आहे का?" सौम्याने विचारलं. "परत एकदा बघता का?"

शेवटी दातांच्या विभागातून एक आडदांड सर्जन आले. त्यांनी दोन्ही अंगठ्यांना बँडेज गुंडाळून ते खांबेट्यांच्या खालच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मागे ढकललं. पुन्हा कट्. जबडा घरी आला. खांबेटे बोलायला तोंड उघडणार एवढ्यात सर्जनने ते हाताने मिटलं आणि डोक्यावरून हनुवटीखालून असा काही पट्टा आवळला की खांबेटे जुन्या काळच्या दाढदुखीच्या जाहिरातीसारखे दिसू लागले.

"सहा आठवडे," सर्जन म्हणाले. "एका बोटापेक्षा जास्त तोंड उघडायचं नाही. जांभई नाही. मोठ्याने हसणं नाही. वादावादी तर अजिबात नाही. पुन्हा निसटला तर कायमचा सैल राहील."

तेवढ्यात मंडळाचा शिपाई शोधत आला. खांबेट्यांना तशाच अवस्थेत मंडळापुढे उभं केलं. मंडळात तीन डॉक्टर होते आणि तिघांपुढे तोच कागद होता. आडवं असताना घेतलेला रक्तदाब, एकशे अठरा, शहात्तर. पुन्हा मोजला. एकशे सोळा. तिसऱ्याने आपल्या मशीनवर मोजला, कारण त्याचा पहिल्या दोघांवर विश्वास नव्हता. तोच आकडा.

"जबडा निखळलेल्या स्थितीतला दाब ग्राह्य धरावा का?" एकाने शंका काढली. नियमांचं पुस्तक आलं. नियम म्हणत होता, उमेदवाराने मोजणीपूर्वी शांत असावे व बोलू नये. अध्यक्षांनी खांबेट्यांकडे पाहिलं. हा माणूस सकाळपासून एक शब्द बोललेला नव्हता. मंडळाच्या इतिहासात नियमाचं इतकं तंतोतंत पालन कोणी केलं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला.

डॉक्टर श्रीदेवींना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटचे आठ-दहा दिवस लोणचं-पापड खाल्लं होतं का?"

सौम्या म्हणाली, "जबडा दुखत होता. चावतच नव्हतं."

"हं," डॉक्टर म्हणाल्या. नारायणस्वामींना मात्र हे कोणी सांगितलं नाही. त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी यंत्राची ऑर्डर घेतली होती.

पुण्याला रुजू व्हायचा हुकूम पुढच्याच सोमवारचा होता. सौम्याला शाळेची परीक्षा होईपर्यंत हलता येत नव्हतं, मुलीलाही कॉलेज होतं. आणि खांबेट्यांना एका बोटाच्या फटीतून पातळ अन्न भरवायला कोणीतरी हवं होतं. त्या संध्याकाळी हेमावतीबाईंनी माळ्यावरून एक पितळी पालाडै काढली. पालाडै म्हणजे आपलं बोंडलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं. नात लहान असताना वापरलेलं. त्यांनी ते चिंचेने लखलखीत घासलं.

"मी येतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या मराठीत बाईसुद्धा 'येतो'च म्हणे.

"आई, तू? पुण्याला?" सौम्याने विचारलं. "तिथे ओठ लावून पितात."

"यांना ओठ लावता येत नाही ना आता," हेमावतीबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पालाडैतून गार ताकाची बारीक धार, ओठांना न लावता, जावयाच्या तोंडात सोडली. एक थेंब सांडला नाही. खांबेट्यांचे डोळे पुन्हा भरून आले. ते त्यांनी पट्ट्याच्या टोकाने पुसले.

पुण्यात उतरल्यावर पहिल्याच सकाळी दोघं ताक आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. हवा थंड होती. पाट्या मराठीत होत्या. आजूबाजूला सगळे मराठीत एकमेकांच्या चुका काढत होते. खांबेट्यांना स्वर्गात आल्यासारखं वाटलं. त्यांनी खुणेने ताक मागितलं.

"तोंडाने बोलायला पैसे पडतात का?" दुकानदार मान वर न करता म्हणाला. "आणि भांडं कुठंय? घरून निघताना डोकं ठेवून आलात की तेही पट्ट्यात बांधून आणलंय? ताक दहानंतर. घाई असेल तर म्हैस पाळा."

अहाहा! चौदा वर्षं खांबेटे ज्याची वाट पाहत होते तो क्षण हाच. आपल्या भाषेत, आपल्या गावात, अस्सल, पदरचा काही न घालता केलेला अपमान! त्याला द्यायची उत्तरं चौदा वर्षं मुरली होती. एकापेक्षा एक धारदार, अनेक पदरी, व्याकरणशुद्ध उत्तरं घशापर्यंत आली. जबडा उघडू गेला. पट्टा ताणला. कानापाशी कडकड झालं. आणि त्या बोटभर फटीतून एकच शब्द सुखरूप बाहेर पडू शकला.

"परवाइल्लै," खांबेटे म्हणाले.

हेमावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पालाडै त्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि काउंटरपाशी गेल्या.

"तुम्ही उगे राहा, माप्पिळ्ळै. हे राज्यकारण आहे." आणि दुकानदाराकडे वळून, तंजावरी हेल काढत, एकेक शब्द वाजवत त्या म्हणाल्या, "काय रे बाबा, तुझे घरी पाहुणा आला तर ऐसेच बोलतोस? मी साडेतीनशे वर्षांनी माहेरी आलो आहे. जातेवेळी येथील लोक गोड बोलत होते, ऐसे आमचे वडील सांगत. मागे कोणास दुकानावर बसवून गेलो, हे पाहावयास आलो. तुझी म्हैस अंमळ बोलाव. तुजपेक्षा तीच नीट बोलेल."

दुधाच्या पिशव्या मोजणारा हात थांबला. उत्तर शोधायला दुकानदाराने तोंड उघडलं, उत्तर काही सापडेना, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

खांबेट्यांनी इंजिनियरच्या नजरेने माप घेतलं. वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत चांगला ऐसपैस आ होता, सोफ्याच्या स्प्रिंगेशिवाय झालेला. त्याचा रक्तदाब उतरला असता की नाही, हे उंदरांना ठाऊक. खांबेट्यांचा मात्र तिथल्या तिथे उतरला.